माझ्या उजव्या हाताचं एक वर्ष

तमाम वाचकांस, त्यांच्या लेकरांस, तसेच ज्यांना वाचता येत नाही पण दुसऱ्याने वाचलेलं ऐकता येतं अशा सर्वांस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय त्या वेळी अकरा, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची, हा सांगलीपासून दोन कोसांवरच्या एका गावात पूर्ण एक वर्ष सर्वांत मारकुटा इसम म्हणून सत्तेवर होता. गावात पैलवान होते, पलटणीतून रजेवर आलेले शिपाई होते, तुरुंगात जाऊन आलेला एक गृहस्थही होता. पण यांपैकी कोणीही रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात डझनभर लोकांच्या थोबाडीत मारत नव्हतं. मी मारत होतो. आणि ज्या शाळेत मी हे करत होतो, ती त्या भागात मार न देणारी शाळा म्हणून नावाजलेली होती.

जाहीर करून झालं. आता नीट मांडी घालून बसा, कारण पुढचं सांगताना माझा आवाज असा खणखणीत राहील याची मला खात्री नाही.

आमचं घर जैनांचं. आप्पांचं किराणा दुकान पुढे, मागे दोन खोल्या आणि परसात आड. आई घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड बांधून पाणी गाळायची. गाळून झालं की ते कापड उलटं करून, वर थोडं पाणी घालून, ते पाणी परत आडात सोडायची, कारण कापडाला चिकटलेले न दिसणारे जीव आपापल्या घरी परत गेले पाहिजेत. लहानपणी मला त्या जिवांचा हेवा वाटायचा. त्यांची केवढी काळजी! आप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपेवर मुंग्या आल्या की ते मऊ कुंचल्याने त्यांना हळूहळू एका कागदावर घ्यायचे आणि बाहेर चिंचेखाली नेऊन सोडायचे. "चला, चला, दुकान बंद झालं," असं मुंग्यांना सांगायचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं. संध्याकाळी वारा आमच्याकडचा असला तर माधवनगरच्या गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, आणि भोंगा झाला की आई हाक मारायची, "नेमू, बघ रे सूर्य कुठवर आला." दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं पाहिजे हा घरचा नियम. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी, दही, आणि शेंगदाण्याची चटणी. कांदा, लसूण, बटाटा यांना उंबऱ्याच्या आत येण्याची परवानगी नव्हती. चटणीला लसूण नसूनही ती अशी व्हायची की माझा दोस्त सर्ज्या मुद्दाम त्याच वेळेला आमच्याकडे यायचा. त्या घरात मला कोणी कधी चापटसुद्धा मारली नाही. मी फारच वांडपणा केला तर आप्पा म्हणायचे, "बस इथं माझ्याजवळ." आणि मी त्यांच्याशेजारी डाळीच्या पोत्याला टेकून गप्प बसायचो. तीच शिक्षा.

शाळा म्हणजे चावडीमागची पत्र्याची एक लांबोडकी खोली. चार इयत्ता, चार रांगा, एक मास्तर. तात्या मास्तर साताऱ्याकडचे, वडूजच्या बाजूचे. उंच, दम्यामुळे किंचित वाकलेले, आणि अक्षर असं की फळ्यावरचं पुसायला जिवावर यावं. पुढे वाईट बोलता यावं म्हणून मी आधी चांगलं बोलतोय असं समजू नका. ते खरोखर चांगले मास्तर होते. तीच तर अडचण आहे. वाईट मास्तर असते तर हे प्रकरण मी दोन पानांत उरकलं असतं.

वडूजकडच्या शाळेत असताना त्यांनी एकदा रागाच्या भरात एका मुलाच्या बोटांवर रूळ मारला होता. करंगळी मोडली आणि वाकडी जुळली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा बाप शाळेत आला. मास्तरांना वाटलं, आता हा आपल्याला मारणार. तर त्याने पाठीवरून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं उतरवलं आणि पाया पडून म्हणाला, "आवं मास्तर, पोराला वळण लावलंसा, लय उपकार झालं." ते पोतं बघून मास्तरांना रडू कोसळलं. त्यांनी देवापुढे शपथ घेतली की यापुढे कोणत्याही लेकरावर हात उचलणार नाही. हे सगळं त्यांनी आम्हाला स्वतः सांगितलं होतं, डोळे पुसत, आणि आम्हीही डोळे पुसले होते.

पण चार रांगा तर सांभाळायच्या होत्या. मग मास्तरांनी तोड काढली. त्यांच्या मते शिक्षा मुलाची मुलानेच केली म्हणजे ती खेळासारखी राहते, मनाला लागत नाही. ज्याला उत्तर येईल त्याने उठायचं, ज्यांना आलं नाही त्यांच्यासमोर एकेक करून जायचं, डाव्या हाताने नाक धरायचं आणि उजव्या हाताने थोबाडीत द्यायची. नाक धरायचं ते डोकं हलू नये म्हणून. ही रीत काही आमच्याच शाळेत होती असं नाही. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झालेत त्यांनी आपापली नाकं आठवून बघावीत. पण दुसऱ्या शाळांत छडीच्या जोडीला ही रीत होती. आमच्याकडे छडीच नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीत शेरा लिहिला होता, "शाळेत छडी आढळली नाही. समाधान वाटले." मास्तरांनी तो शेरा आम्हाला दोनदा वाचून दाखवला.

पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे सगळे पाढे मला तोंडपाठ होते. दुकानात जन्मलेल्या पोराला ते दुधाबरोबरच मिळतात. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच सत्ता माझ्याकडे आली. आणि मी ती काय भोगली म्हणून सांगू! मी नुसता मारत नसे, प्रयोग करत असे. आधी बाही वर सरकवायची. मग तळहातावर फुंकर मारायची. मग रांगेकडे वळून लवून नमस्कार. मग समोरच्याच्या नाकाला हात घालून, "महाराज, तयार?" असं विचारायचं. सगळी शाळा हसून लोळायची. ज्याला मार बसायचा तोही हसायचा. तात्या मास्तरसुद्धा तोंडावर उपरणं धरायचे. खोटं कशाला बोलू, मला फार मजा यायची. आजही चार माणसांत गोष्ट रंगली, लोक हसू लागले की माझा उजवा हात आपोआप बाहीकडे जातो. मग मी तो खिशात घालतो.

त्यात मी एक शोध लावला. तळहात सपाट ठेवून मारलं तर झोंबतं, पण आवाज बारीक होतो. तळहात किंचित खोलगट केला, पाणी प्यायला करतो तसा, तर आवाज होतो तोफेसारखा आणि गाल मात्र तेवढा झोंबत नाही. म्हणजे मास्तर खूष, प्रेक्षक खूष आणि मार खाणाराही खूष. माझ्या दोस्तांसाठी हा खोलगट हात राखून ठेवलेला होता. मी स्वतःला मोठा दयाळू समजत होतो. आमच्या घरी पाणी गाळतात, मी थप्पड गाळतो, असं मी सर्ज्याला सांगितल्याचंही आठवतं. तो पोट धरून हसला होता.

सर्ज्या म्हणजे सर्जेराव. वडील पलटणीत, समुद्रापलीकडे लढाईवर. आई तानूकाकू घरचा ऊस एकटीने बघायची. उंच बाई, आवाज असा की एका बांधावरून दिलेली हाक तिसऱ्या शेतात ऐकू जायची. त्यांच्या घराण्यात पोरगा मोठा होऊन काय करणार असा प्रश्नच नसायचा. पोरगा पलटणीत जाणार. सर्ज्या वडिलांचा जुना पट्टा कमरेला दोन वेढे घालून बांधायचा आणि शाळेत येताना लेफ्ट-राइट करत यायचा. तानूकाकूला वाचता येत नव्हतं आणि सर्ज्याला हस्ताक्षर लागायचं नाही, म्हणून वडिलांची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे होतं. तानूकाकू मला आधी भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा द्यायची, वर दर वेळी विचारायची, "हे तुझ्या आईला चालतंय न्हवं?" मग पदर सावरून बसायची. मी पत्रसुद्धा प्रयोगासारखंच वाचायचो. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ठरलेली ओळ असायची, चिरंजीव सर्जेरावाच्या छातीचे माप कळवावे. मग तानूकाकू सुतळी आणायची, सर्ज्या श्वास कोंडून लाल व्हायचा, आणि ती सुतळीला गाठ मारून ठेवायची. पलटणीच्या साहेबाला दाखवायला.

त्या दिवशी अडीचकी चालली होती. सर्ज्या मध्येच अडकला. मी उठलो. बाही, फुंकर, नमस्कार, सगळं झालं. सर्ज्याला जबर सर्दी झाली होती. मी त्याचं नाक धरलं आणि ते ओलं लागलं. मी किळस आल्याचं तोंड केलं, हात झटकला, सदऱ्याला पुसला. शाळा खदखदली. मला वाटलं, आता या विनोदानंतर पुन्हा नाक धरणं म्हणजे रंग घालवणं. तेव्हा नाक न धरताच मी खोलगट हात उगारला. दोस्त होता ना. आणि नेमका त्याच क्षणी सर्ज्या मागच्या रांगेतल्या कोणाला तरी वेडावून दाखवायला वळला.

हात गालावर बसला नाही. कानावर बसला.

आवाज नेहमीसारखा झाला नाही. कागदाची पिशवी फुगवून फोडतात ना, तसा झाला, पण कुठेतरी आत, भिंतीपलीकडे झाल्यासारखा. मुलं हसली. सर्ज्याही हसला. मग त्याने कान धरला, खाली बसला आणि मला म्हणाला, "मधमाशी शिरली रं कानात." मी त्याच्या कानात बघितलं. मधमाशी नव्हती. मास्तर म्हणाले, "चला, पुढचा."

आज पन्नाशी ओलांडल्यावर मी हे लिहितोय आणि शेजारच्या घरात कोणाच्या तरी बारशाची तयारी चालली आहे. मुलं फुगे फुगवतायत. मी खिडकी लावून घेतली आहे. हसू नका. खरंच लावून घेतली आहे.

त्या संध्याकाळी भोंगा झाला, सूर्य बघितला, ताटावर बसलो. आप्पांच्या ताटाशेजारी एक मुंगी चालली होती. ते घास हातात धरून थांबले, ती पलीकडे जाईपर्यंत. मी भाकरी तशीच ताटात ठेवली. आईला वाटलं ताप आला. तिने कपाळाला हात लावला आणि मी एवढ्या जोरात मान मागे घेतली की ती बघतच राहिली. त्या दिवसापासून मला कोणाचाही हात तोंडाजवळ आलेला सहन होईना. आणि तो आवाज सगळीकडे यायला लागला. आई शेंग फोडायची, त्यात तो. चुलीत ओलं लाकूड फुटायचं, त्यात तो. पत्रा तापून तडकला की मी बाकीच्यांबरोबर वर बघायचो नाही, सर्ज्याच्या कानाकडे बघायचो.

सर्ज्याने घरी सांगितलं की नदीत पोहताना कानात पाणी गेलं. मी त्याला विचारलं, असं का सांगितलंस. तो म्हणाला, "मग काय सांगू? तुझं नाव घिऊ? आय तुला दारात उभा करायची न्हाई. मग आबांची पत्रं कोन वाचनार रं?" त्याने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की जणू यात दुसरा काही विचारच संभवत नाही.

आठ-दहा दिवसांनी पत्र आलं आणि मला बोलावणं आलं. आत गेलो तर घरभर लसणाचा वास. तानूकाकू पळीत तेल तापवून त्यात लसणाच्या पाकळ्या जाळत होती, सर्ज्याच्या कानात घालायला. कान वाहायला लागला होता. लसणाचा वास मला तोवर माहीतच नव्हता म्हणा ना. तेव्हापासून तो माझ्यासाठी खाण्याचा वास राहिलाच नाही. तानूकाकूने शेंगा दिल्या, गूळ दिला, "चालतंय न्हवं?" विचारलं. मी वाचायला लागलो. सर्ज्या माझ्या शेजारी बसला होता, डावा कान माझ्याकडे करून. मी शेवटच्या ओळीवर आलो. चिरंजीव सर्जेरावाच्या छातीचे माप कळवावे. सर्ज्या उठला नाही. श्वास कोंडला नाही. समोर चुलीकडे बघत राहिला.

"आरं, आबा काय म्हनत्यात, ऐक की!" तानूकाकू ओरडली.

सर्ज्याने मान वळवली. "काय म्हनत्यात?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. या वेळी माझा आवाज अजिबात प्रयोगासारखा आला नाही.

त्यानंतर सर्ज्या शाळेत मागे पडायला लागला. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याला निम्मं कळायचं नाही. तो विचारायचा नाही, नुसता उभा राहायचा. उत्तर आलं नाही की शिक्षा ठरलेली, आणि शिक्षा करणारा ठरलेला. मी त्याच्यासमोर जायचो, नाक घट्ट धरायचो आणि गालाला नुसतं बोट लावायचो. एक दिवस मास्तर म्हणाले, "नेमू, आज जेवून आला नाहीस का रे? आवाज कुठे गेला?" मुलं हसली. मी सर्ज्यासमोर उभा राहिलो, हात वर, आणि हात खाली येईना. तेव्हा सर्ज्या ओठ न हलवता म्हणाला, "हान की गड्या. त्येच बाजूला हान. तिकडं आता काय न्हाई."

मी मारलं. सपाट हाताने, गालावर. बाही, फुंकर, नमस्कार काही नाही. मास्तर म्हणाले, "हं."

हे सगळं मी घरी का सांगितलं नाही, असं माझी मुलगी विचारते. तिला वाटतं, ज्या घरात मुंगीला वाट देतात त्या घरात सांगणं सोपं असेल. उलट आहे. माझे आप्पा मारणारे असते तर मी मार खाऊन मोकळा झालो असतो. पण ते म्हणाले असते, "बस इथं माझ्याजवळ." आणि तिथे बसायची माझी हिंमत नव्हती.

मग एका सोमवारी सर्ज्या आला नाही. मंगळवारी दुपारी, आम्ही बेरजा करत असताना, दारात सावली पडली. तानूकाकू. मागे सर्ज्या, कानात कापसाचा बोळा. ती सांगलीहून, डॉक्टरकडून, तशीच शाळेत आली होती. पाय धुळीने पांढरे झाले होते. तिने पदर खोचला आणि शेजारच्या तीन शेतांत नव्हे तर अख्ख्या शिवारात ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडेल म्हणून आम्ही सगळे आक्रसलो. पण ती अगदी हळू बोलली.

"मास्तर, डाक्टर म्हनला कानाचा पडदा फाटलाय. पान्यानं असा फाटत न्हाई म्हनला, कुनीतरी कानाखाली वाजवलीया. म्या इचारलं, बरा हुईल का. तर म्हनला, वाहायचा थांबंल, पन ऐकू यायचं न्हाई. म्या म्हनलं, पलटनीत जायचं हाय त्याला. तर नुसतं डोकं हालवलं त्यानं." ती थांबली. "कुठल्या हातानं मारलंसा? दावा मला त्यो हात."

तात्या मास्तर खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्यावर एक प्रकारची शांती पण होती. निर्दोष माणसाची. "बाई, देवाशपथ सांगतो. वडूज सोडल्यापासून मी एकाही लेकराला हात लावलेला नाही. या मुलांना विचारा."

तानूकाकूने आमच्याकडे बघितलं. "व्हय रं पोरांनो?"

"व्हय," चार रांगा एका सुरात म्हणाल्या. मीही म्हणालो. कारण ते खरं होतं.

इथे मी जरा थांबतो आणि नंतरचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला दुसरं काही सांगायचं उरणार नाही. त्या दिवसानंतर आमच्या शाळेत कोणी कोणाचं नाक धरलं नाही. आप्पांना त्या संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, शाळेच्या ओट्यावर घोंगडं टाकलं आणि घंटा ते घंटा तिथे बसले. असे ते महिनाभर बसले. मास्तरांनी आत या म्हटलं तर म्हणाले, "नको, मी इथंच बरा. एवढे दिवस नुसतं पाणीच गाळत बसलो." गिऱ्हाइकं शाळेत येऊन हळद-जिरं मागायची. महिन्याने सर्ज्याच्या चुलत्याने ती जागा घेतली, मग कुंभारवाड्यातल्या एका म्हाताऱ्याने. ओट्यावर कोणीतरी एक मोठं माणूस बसायचं, हा गावाचा पायंडाच पडला. तात्या मास्तर त्या वर्षाअखेर बदली मागून गेले. जाताना त्यांनी तपासणीची वही उघडली, साहेबांच्या त्या शेऱ्याखाली आपल्या सुंदर अक्षरात "हे खरे नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली. सर्ज्या पलटणीत गेला नाही. ऊस लावला, दोन पोरं वाढवली. वडील लढाईवरून परत आले. त्यांना पहिल्या दिवशीच सगळं कळलं. गाठी मारलेली सुतळी त्यांनी हातात घेतली, बघितली आणि परत खुंटीला टांगली. मी पुढे मास्तरच झालो. माझ्या वर्गात ज्याला उत्तर येईल त्याने, ज्याला येत नाही त्याच्याशेजारी जाऊन बसायचं आणि येईपर्यंत शिकवायचं, एवढी एकच शिक्षा होती. शिकवताना मी दोन्ही हातांत खडू धरायचो. मुलं मला दोन खडूंचे मास्तर म्हणायची. त्यांना गंमत वाटायची. मी त्यांना ती वाटू दिली. सर्ज्या अजून भेटतो. भेटला की न बोलता माझ्या डाव्या हाताला येऊन बसतो, उजवा कान माझ्याकडे करून. आणि मग मी त्याला गोष्टी सांगतो, सगळ्या, ही सोडून.

आता ती दुपार.

"मग कुनी?" तानूकाकूने विचारलं. ती रांगांमधून चालायला लागली. आता तिचा आवाज चढला होता, आणि तो ऐकून दारात गावातली माणसं जमायला लागली. "ह्या शाळंत येवढा दांडगा कोन हाय? पाटलाचा गडी यितो काय हितं? कुनी पैलवान यितो? बोला की रं! कुनाचा हात हाय त्यो? म्या काय करनार न्हाई त्येला. नुसता बघनार हाय. लेकराचं उभं आयुष्य त्यानं येका दनक्यात फोडलं, त्यो हात असतो तरी कसा, त्येवढं बघू दे मला."

सर्ज्या दारातून म्हणाला, "आय, चल की घरला. पानीच गेलं हुतं."

"तू गप बस."

ती माझ्या रांगेत आली. माझ्याजवळ आल्यावर तिचा चेहरा जरा सैलावला. घरचं माणूस भेटावं तसा. "नेमू, तू सांग बाबा. तू खोटं बोलायचा न्हाईस. तुमच्यात मुंगी मारत न्हाईत." आणि ती माझ्यासमोर चवड्यांवर बसली, पत्र ऐकायला बसायची तशी.

मी उठलो. कसा उठलो ते माहीत नाही. आयुष्यात मी पुष्कळदा लोकांपुढे उभा राहिलोय, पण तेव्हासारखी शांतता मला पुन्हा कधी मिळाली नाही, आणि मिळू नये. मी म्हणालो, "काकू, मी मारलं." ते बाहेर ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून मी पुन्हा म्हणालो, "मीच मारलं. आवाज व्हावा म्हणून."

मागे तात्या मास्तर खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. "मी सांगितलं त्याला," ते म्हणाले, आणि मग कोणी विचारलं नसताना पुन्हा, "मी सांगितलं."

तानूकाकूने त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी डोळे मिटले आणि डाव्या हाताने स्वतःचंच नाक धरलं, डोकं हलू नये म्हणून. तिने माझं उजवं मनगट पकडलं. तिचा हात खरखरीत होता, उसाच्या पानांनी चिरलेला. तिने माझी मूठ उघडली, एकेक बोट सरळ केलं. माझा तळहात तिने आपल्या तळहातावर ठेवला. तो तिच्या बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंतही पोचत नव्हता. थप्पड आली नाही. मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत नव्हती, सर्ज्याकडे बघत नव्हती. ती मान वर करून मास्तरांकडे, दाराकडे, दारात जमलेल्या गावातल्या मोठ्या माणसांकडे बघत होती, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"आगं बया, ह्यो हात तर केवढुसा हाय!"